नुकतेच घेतलेले बोर्डगेम, आणि ते खेळायला माणसं कशी बसवायची?

सोंगटी
मंडळी, बोर्डगेमबद्दल इकडेतिकडे तुकड्यातुकड्यांत बरंच लिहिलं जातं, पण हवं तेव्हा काही सापडत नाही. म्हणून हा धागा. नुकतंच काय घेतलंत, किती जणांत खेळता, नव्याने खेळणाऱ्याला काय सांगाल, सगळं इथे येऊ द्या.

माझ्याकडे हल्लीच तीन खोकी आली: अझूल, कटान आणि पँडेमिक. अझूल लगेच जमलं. रंगीत फरश्या उचलायच्या आणि भिंतीवर लावायच्या, कुणाला फार समजवावं लागलं नाही. कटानपाशी, म्हणजे मालाची पानं जमवून बेटावर रस्ते-वस्त्या बांधायच्या खेळापाशी, मात्र घोडं पेंड खातंय. मी नियमपुस्तिका घेऊन बसले. रस्त्याला लाकूड-वीट, वस्तीला लाकूड-वीट-धान्य-लोकर असं सांगत गेले. बंदरांपर्यंत पोचेतो धाकटी मोबाइलमध्ये, नवरा म्हणे 'तुम्ही सुरू करा, मी बघून शिकतो', आणि सासूबाईंनी विचारलं, 'ते सगळं ठीक, पण यात शेवटी करायचं काय?'

पँडेमिकचं खोकं त्यामुळे अजून बंदच आहे.

तर नियम सांगायची तुमची पद्धत काय? आणि या तिघांच्या जोडीला अजून काय घ्यावं? आम्ही चौघं, वयं ९ ते ७०.

निवांत
'बघून शिकतो' म्हणणारा माणूस पहिल्याच डावात जिंकतो. सावध राहा.

उंटतिरपा
सासूबाईंनी अगदी मुद्द्याचं विचारलंय. समजावताना सुरुवात तिथूनच करायची. 'आपल्याला १० गुण करायचे आहेत. वस्तीचा १, नगराचे २.' एवढं कळलं की रस्ते कशाला बांधायचे ते आपोआप कळतं. नियमपुस्तिका अडलं तर उघडायची असते. ती ज्या क्रमाने लिहिलेली असते त्या क्रमाने कुणीच शिकत नाही.

माझा क्रम असा: जिंकायचं कसं, डाव संपतो कधी, आपल्या पाळीत काय काय करता येतं, आणि मग थेट फासे. बंदरं, विकासपत्रं हे समोर येईल तेव्हा सांगायचं. पण ज्या नियमावरून पुढे कुणीतरी 'हे आधी का नाही सांगितलंस?' म्हणून भडकेल, तो आधीच सांगून टाकावा. कटानमध्ये तो नियम म्हणजे ७ पडल्यावर हातात सातपेक्षा जास्त पानं असली की निम्मी टाकावी लागतात.

आणखी एक. पुस्तिकेत नवख्यांसाठी ठरलेली मांडणी दिलेली असते. पटाचे १९ षटकोन कुठे, त्यांवरचे आकडे कुठे, प्रत्येकाच्या पहिल्या दोन वस्त्या कुठे, सगळं. पहिल्या डावाला तीच घ्या. कटानमध्ये डाव हरण्याची सगळ्यात सोपी जागा म्हणजे सुरुवातीच्या वस्त्या, आणि नवख्या माणसाला ते तासाभराने कळतं. मग उरलेला वेळ तो नुसता बसून असतो.

मृण्मयी_
+१ ठरलेल्या मांडणीला.

षटकोनांवरच्या आकड्यांखाली (तो आकडा फाशांवर पडला की तिथल्या वस्तीला माल मिळतो) जे ठिपके असतात तेही मुलांना दाखवा. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ६ च्या पाच आणि ८ च्या पाच, २ आणि १२ ची एकेकच. जितके ठिपके तितक्या शक्यता. आमच्या मुलाला शाळेत संभाव्यता शिकवायच्या आधीच कटानने शिकवली. आता तो वस्ती ठेवायच्या आधी तिन्ही बाजूंचे ठिपके मोजतो आणि आमच्याकडे दयेने बघतो.

निवांत
ठिपके बिपके सगळं ठीक. माझ्या वस्तीला ८ असला की अख्ख्या डावात ८ पडत नाही. हे कुठल्या गणितात बसतं?

मृण्मयी_
ते ३६ मधल्या उरलेल्या ३१ शक्यतांत बसतं :D

नियमावली
उंटतिरपा यांच्याशी अर्धा सहमत. ध्येय आधी सांगावं हे बरोबर, पण अर्धे नियम पोटात ठेवून लोकांना खेळायला बसवणं मला पटत नाही. कार्कासोनचं उदाहरण घ्या. मी हल्लीच घेतलं. ७२ चौकोनी तुकडे, एकेक काढून जोडत जायचे, रस्ते-शहरं-मठ तयार होतात, आणि त्यांवर आपली मीपल, म्हणजे ती माणसाच्या आकाराची लाकडी प्यादी ठेवायची. सोपं आहे. पण शेतकऱ्याचा नियम? आडवं ठेवलेलं प्यादं डाव संपेपर्यंत उठत नाही, आणि शेवटी त्याच्या शेताला लागून असलेल्या प्रत्येक पूर्ण शहराचे ३ गुण मिळतात. हे ज्याला नीट कळलंय तो सुरुवातीलाच दोन शेतकरी पेरून बसतो आणि शेवटी सगळ्यांच्या पुढे उडी मारतो. नवख्यांना वाटतं त्यांना फसवलं.

उंटतिरपा
म्हणूनच पहिल्या डावात शेतकरी काढूनच टाकायचे. कुणालाच नाहीत. मग फसवणूक कसली?

नियमावली
मग तो कार्कासोन उरतच नाही. नुसती चित्रं जोडणं झालं.

उंटतिरपा
पहिला डाव चित्रं जोडण्यातच जाऊ द्या की. दुसरा डाव मागितला, तर शेतकरी आहेतच. न मागितला तर शेतकऱ्यांनीही काही वाचलं नसतं.

नियमावली
हे मान्य नाही, पण तुमच्याकडे लोक खेळायला येतात आणि माझ्याकडे येत नाहीत, हेही नमूद करतो.

निवांत
हसून हसून पुरेवाट!

गुलामबदाम
लोक अजून कटान-कार्कासोनवरच? कटान १९९५ चा, कार्कासोन २००० चा. मधल्या काळात खेळ कुठल्या कुठे गेलेत. सोंगटीताई, घ्यायचंच तर टेराफॉर्मिंग मार्स घ्या. दोनशेच्या वर वेगवेगळी प्रकल्पपत्रं, प्रत्येक डाव निराळा. मी स्वतः हल्लीच ग्लूमहेवन घेतलं. ९५ मोहिमा आहेत, वर्षभर पुरेल.

निवांत
त्या ग्लूमहेवनच्या खोक्याचं वजन दहा किलोच्या आसपास आहे असं ऐकून आहे. खेळायला कुणी मिळालं नाही तरी व्यायाम होईल.

गुलामबदाम
एकट्याने खेळता येतो. मुद्दामच घेतला.

मृण्मयी_
गुलामबदाम, हलकेच घ्या, पण नऊ वर्षांच्या मुलीला आणि सत्तरीच्या आजींना दोनशे पत्त्यांचा मंगळ कुठे दाखवता? वय आड येत नाही हो, खेळ निवडायची वेळ चुकते. बोर्डगेमगीक या संकेतस्थळावर प्रत्येक खेळाला १ ते ५ मध्ये 'वजन' दिलेलं असतं, म्हणजे खेळ समजायला किती जड. दोनच्या आसपासचे खेळ दोनचार झाले की मग पुढचं बघावं.

खोक्यावरचं प्यादंही बघायला शिका. जर्मनीच्या 'श्पील देस यारेस' पुरस्काराचं चिन्ह लाल असेल तर खेळ सर्वसाधारण कुटुंबासाठी, निळं असेल तर लहान मुलांसाठी, आणि गडद करडं असेल तर जरा सरावलेल्यांसाठी. हा करडा पुरस्कार २०११ पासून सुरू झाला. कटान, कार्कासोन, अझूल तिन्ही लालवाले. तुमची खरेदी मुळीच चुकलेली नाही, सोंगटी.

चौघांसाठी माझं मत तिकीट टू राइडला, त्यातही युरोपच्या नकाशाला. एका पाळीत तीनच गोष्टी: डब्यांची पानं उचला, किंवा मार्ग घ्या, किंवा नवी तिकिटं (कुठली दोन शहरं रेल्वेने जोडायची ते सांगणारी पानं) काढा. (स्थानक बांधणं ही चौथी, पण ती लागेल तेव्हा सांगा.) मूळ अमेरिकेच्या नकाशात कुणी तुमचा नेमका मार्ग अडवला की तिकीट बुडालं आणि तेवढे गुण वजा. युरोपमध्ये स्थानक ठेवून दुसऱ्याचा एक मार्ग वापरता येतो. त्यामुळे रडारड कमी. स्थानक न वापरता शिल्लक ठेवलं तर शेवटी दर स्थानकाला ४ गुण, म्हणजे कंजूषपणालाही वाव आहे.

उंटतिरपा
तिकीट टू राइडमध्ये एक हिशोब नवख्यांच्या लक्षात येत नाही. एका डब्याच्या मार्गाला १ गुण, सहा डब्यांच्या मार्गाला १५. डबे प्रत्येकाकडे ४५ च. तेव्हा गुण डब्यागणिक मोजायचे, पाळीगणिक नाही. छोटे छोटे मार्ग जोडत बसणारा तिकिटं पूर्ण करूनही मागे राहतो.

आणि दोघं किंवा तिघं खेळताना जोडमार्गातला (दोन शहरांमधल्या शेजारशेजारच्या दोन मार्गांतला) एकच वापरायचा असतो. हा नियम बहुतेक घरी कुणालाच माहीत नसतो, आणि मग 'दोघांत खेळताना मजा येत नाही, पट फार मोकळा वाटतो' अशी तक्रार येते.

पूर्वा२
दोघांचा विषय निघालाच आहे तर. आम्ही घरी दोघंच. इथे सगळे चौघांचं बोलताय, आमच्यासारख्यांनी काय करावं? कटानच्या खोक्यावर तर ३-४ लिहिलंय.

आमच्याकडे नुकतंच आलेलं: जयपूर आणि पॅचवर्क. दोन्ही फक्त दोघांसाठीच बनवलेले. जयपूरमध्ये बाजारात पाच पानं मांडलेली असतात. आपल्या पाळीत एकतर माल घ्यायचा नाहीतर विकायचा. आधी विकणाऱ्याला जास्त किमतीच्या चकत्या मिळतात, आणि एकदम तीन-चार-पाच नग विकले की वर बक्षिसाची चकती. म्हणजे थांबावं की विकून मोकळं व्हावं, हीच सगळी गंमत. उंटांची पानं घेण्याचा मोह मात्र जपून करा. बाजारातले उंट घ्यायचे तर सगळेच घ्यावे लागतात, आणि जितके उंट उचललेत तितकी नवी पानं समोरच्यासाठी उघडतात. आमच्याकडे यावरून अबोला झालेला आहे.

पॅचवर्क शांत वाटतो, पण आहे कावेबाज. कापडाचे तुकडे ९ बाय ९ च्या चौकटीत बसवायचे, रिकाम्या घराला प्रत्येकी २ गुण वजा. पाळी आलटून पालटून नसते. वेळेच्या पट्टीवर जो मागे असेल त्याची पाळी. कमी वेळ खाणारे छोटे तुकडे घेत गेलं तर कधी कधी लागोपाठ तीन पाळ्या आपल्याच.

आबा_खेळिया
मी बुद्धिबळाचा माणूस. फासे, पत्ते, नशीब यांत मला रस नाही. तरी नातवंडांच्या आग्रहाने हे सगळं वाचतो आहे. नशीब अजिबात नाही असं काही आहे का यात?

उंटतिरपा
आबा, तुमच्यासाठी हाइव्ह. पट नाहीच, षटकोनी जाड सोंगट्या टेबलावर ठेवत जायच्या, त्याच पट होतात. मूळ खेळात प्रत्येकाकडे ११: राणीमाशी एक, मुंग्या तीन, नाकतोडे तीन, भुंगे दोन, कोळी दोन. समोरच्याची राणी सहाही बाजूंनी वेढली गेली की डाव संपला, मग वेढणाऱ्यांत तिच्याच सोंगट्या का असेनात. राणी चौथ्या पाळीपर्यंत ठेवावीच लागते, आणि सोंगटी उचलल्यावर पोळ्याचे, म्हणजे जोडलेल्या सोंगट्यांचे, दोन तुकडे होत असतील तर ती हलवता येत नाही. नशीब शून्य, लपवाछपवी शून्य.

सोंगट्या बेकलाइटच्या आहेत, हाताला चांगल्या लागतात. मुंगी सगळ्यात ताकदवान, कडेकडेने कुठेही जाते. नवखे म्हणून तीन मुंग्या आधीच बाहेर काढतात आणि मग त्या पोळ्यात अडकवून बसतात.

आबा_खेळिया
उत्तम. मागवतो. आपल्याच माणसांनी राजाची वाट अडवणं बुद्धिबळातही होतंच.

डावमोड्या
एवढी परदेशी नावं वाचून दमलो. आमच्या लहानपणापासूनचं मोनोपॉली काय वाईट होतं? तिथे कुणी नियमपुस्तिका काढत नव्हतं.

नियमावली
काढत नव्हते, हाच तर घोळ! (आता माझी पाळी.)

मोनोपॉली लांबते ती बव्हंशी घरगुती नियमांनी. पुस्तिकेप्रमाणे, एखाद्या जागेवर पोचून ती विकत घ्यायची नसेल तर बँकेने ती ताबडतोब लिलावात काढायची, आणि नको म्हणणाऱ्यालाही बोली लावता येते. हा लिलाव कुठल्या घरी होतो? मग जागा विकल्या जायलाच फेऱ्यांवर फेऱ्या लागतात. दुसरं, 'फ्री पार्किंग'वर दंडाचे पैसे साठवणं. पुस्तिकेत तिथे काहीच मिळत नाही. तुम्ही ते पैसे वाटता, म्हणजे बुडणाऱ्याला पुन्हा वर काढता, आणि मग डाव संपत नाही म्हणून खेळाला शिव्या. तिसरं, घरं फक्त ३२ आणि हॉटेलं १२ असतात. संपली की संपली. घरं मुद्दाम अडवून ठेवणं हा चक्क डावपेच आहे, आणि लोक मात्र कागदाचे कपटे वापरून घरं वाढवतात.

डावमोड्या
लिलाव?? कधी ऐकलंही नव्हतं. आयुष्यभर फसवणूक झाली म्हणायची.

मृण्मयी_
जाता जाता, मोनोपॉलीचं मूळ फार गमतीचं आहे. लिझी मॅगी या बाईंनी 'लँडलॉर्ड्स गेम'चं पेटंट १९०४ मध्ये घेतलं, ते जमिनीची मक्तेदारी किती वाईट हे दाखवायला. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने चार्ल्स डॅरोच्या नावाने मोनोपॉली बाजारात आणली आणि बाईंचं नाव कितीतरी वर्षं मागेच पडलं. मक्तेदारीच्या विरोधातला खेळ, आणि लोकांना मजा वाटली ती मक्तेदारीचीच.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. दिवाळं निघालेला खेळाडू पुढचे दोन तास काय करणार? नव्या खेळांत बहुतेक वेळा सगळे शेवटपर्यंत खेळात असतात. मुलांसोबत खेळताना हा फरक फार मोठा.

गुलामबदाम
मूळ प्रश्नाकडे येऊ का? पँडेमिकबद्दल कुणी काहीच बोललं नाही. तो मॅट लीकॉकने बनवलेला, २००८ चा, जगभर पसरणारे रोग थोपवायचा खेळ. माझ्या मते सोंगटीताईंनी कटानच्या आधी तोच उघडायला हवा. सगळे एका बाजूला, खेळ दुसऱ्या बाजूला. नियम आधी सांगायचीसुद्धा गरज नाही. पहिल्या पाळीला चार कृती, चारही मोठ्याने बोलून दाखवा, सगळे मिळून ठरवा. दुसऱ्या फेरीत लोक स्वतःच सुचवायला लागतात.

दोन गोष्टी मात्र आधी सांगा. एक, जिंकायला चारही रोगांची औषधं शोधायची असतात, पट स्वच्छ करायचा नसतो. नवखे लोक पटावरचे रोगाचे ठोकळे पुसत फिरतात आणि तोवर पानांची गड्डी संपून हरतात. दोन, साथीचं पान निघालं की टाकलेली शहरांची पानं पिसून पुन्हा वर ठेवली जातात, म्हणजे आधी जिथे रोग होता तीच शहरं पुन्हा येणार. टाकलेल्या पानांवर नजर ठेवणारा एक माणूस नेमा. आणि पहिल्यांदा चारच साथीची पानं घाला, सहा घालायची हौस नंतर.

निवांत
गुलामबदाम यांनी दहा किलोपेक्षा हलकं काहीतरी सुचवलं. धाग्याचं सार्थक झालं.

पूर्वा२
पँडेमिकमध्ये आमचा अनुभव असा की एक जण सगळ्यांच्या पाळ्या खेळतो. 'तू इकडे जा, तू हे पान त्याला दे.' बाकीचे नुसते प्यादी सरकवणारे मजूर. आमच्याकडे तो एक कोण ते सांगत नाही, पण तो हा धागा वाचतो.

गुलामबदाम
खरं आहे, हा खेळाचा जुना आजार. यावर साधा उपाय: ज्याची पाळी त्याने आधी आपलं मत सांगायचं, बाकीच्यांनी विचारल्याशिवाय बोलायचं नाही. सगळ्यात लहान खेळाडूपासून सुरुवात केली तर आणखी बरं.

उंटतिरपा
नाहीतर ज्यात बोलायलाच बंदी आहे असा सहकारी खेळ घ्या. द क्रू. पत्त्यांत उतारी, हुकूम आणि हात करणं ज्यांना माहीत आहे त्यांना पाच मिनिटांत येतो. चार रंग १ ते ९, रॉकेटची चार पानं हुकमाची. ठरावीक पान ठरावीक माणसाने केलेल्या हातात जायला हवं, पण कुणाकडे काय आहे ते सांगायचं नाही. एका मोहिमेत प्रत्येकाला फक्त एकदा, एक पान उघडं करून 'या रंगातलं माझं सगळ्यात मोठं', 'सगळ्यात लहान' किंवा 'एकुलतं एक' एवढंच दाखवता येतं. ५० मोहिमा आहेत, चढत्या क्रमाने. हुकूम चालवणाऱ्यांचं तोंड आपोआप बंद.

सोंगटी, तुमच्या सासूबाई पत्ते खेळत असतील तर तुमच्या घरी हाच सगळ्यात आधी चालेल अशी माझी पैज.

डावमोड्या
तोंड बंद ठेवून खेळायचं? मग खेळ कशाला, ध्यानाला बसा.

मृण्मयी_
डावमोड्या, तुमच्यासाठी कोडनेम्स. दोन तट, २५ शब्द, एका शब्दात खूण द्यायची आणि ती किती शब्दांना लागू तो आकडा सांगायचा, त्यावरून आपल्या तटाने आपले शब्द ओळखायचे. एक शब्द मारेकऱ्याचा असतो, त्याला हात लावला की डाव तिथेच खलास. आरडाओरडा हवा तितका. पण चारपेक्षा कमी माणसांत रंगत नाही, आणि खूण देणाऱ्याचा चेहरा दगडासारखा हवा. आमच्याकडे एक काका आहेत, आपण चुकीच्या शब्दाकडे बोट नेलं की ते खोकतात.

नियमावली
खोकणं नियमबाह्य आहे.

निवांत
काकांना कळवतो.

पूर्वा२
एक वेगळाच प्रश्न: पत्त्यांना प्लास्टिकची पाकिटं घालता का तुम्ही? काही लोक खोकं उघडल्यावर पहिलं तेच करतात म्हणे.

गुलामबदाम
घालतो. सगळ्यांना. हसू नका. जी पानं सतत पिसली जातात त्यांना पाकीट हवंच. एका पानाचा कोपरा दुमडला की ते पाठीमागूनही ओळखू येतं आणि खेळ बिघडतो. घ्यायच्या आधी पान मोजा. सगळ्यांत जास्त आढळणारं माप ६३.५ × ८८ मिमी, पण कटानची पानं लहान, ५४ × ८० मिमीची. एकाच मापाचा गठ्ठा मागवला तर अर्धी पानं बसत नाहीत.

मृण्मयी_
पाकिटं घातल्यावर खोक्याचं झाकण बसत नाही, ते सांगा ना.

गुलामबदाम
...ते नंतर कळतं.

उंटतिरपा
पाकिटांपेक्षा मला सिलिका जेलच्या पुड्या महत्त्वाच्या वाटतात. दमट हवेत पुठ्ठ्याचे तुकडे वाकतात आणि मग कार्कासोन सपाट बसत नाही. प्रत्येक खोक्यात एक पुडी टाकावी. आणि स्वस्त मिळालं म्हणून नकली प्रत घेऊ नका. चित्रांचे रंग उतरलेले, पुठ्ठा पातळ, तुकडे नीट न कापलेले असतात, आणि एखादं पान कमी असलं तर दाद कुणाकडे मागणार?

मृण्मयी_
लहान मुलांसाठी काही हवं असेल तर दोन नावं लिहून ठेवते. आउटफॉक्स्ड: सगळे मिळून चोर कोल्हा शोधायचा, पाच वर्षांपासून पुढे, पुरावे बघायला एक गंमतशीर खिडक्यांचं यंत्र आहे. आणि सुपर रायनो: पत्त्यांचा मनोरा बांधत जायचा, मध्येच लाकडी गेंडा वरच्या मजल्यावर सरकवायचा. मोठी माणसंच जास्त ओरडतात.

आबा_खेळिया
हाइव्ह आला. नातीने मला हरवलं. खेळ चांगला आहे.

सोंगटी
बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी. वाचनखूण साठवली आहे.

थोडा वृत्तांत. गुलामबदाम यांचं ऐकून पँडेमिक आधी उघडलं. पहिल्या डावात सगळं जग बुडालं, पण कुणी उठून गेलं नाही, उलट लगेच पुन्हा मांडा म्हणाले. टाकलेल्या पानांवर लक्ष ठेवायचं काम धाकटीने घेतलं आणि ती ते फारच मनावर घेतेय, 'तिकडे आत्ता जाऊ नका, आधी इकडे' असं दटावते. मग ठरलेल्या मांडणीवर कटान. 'दहा गुण करायचेत' एवढं सांगून सुरू केलं, बाकीचं खेळता खेळता. हे जमलं. पण सासूबाईंना तो दरोडेखोर (७ पडला की हलवून कुणाचा तरी षटकोन अडवायचं आणि एक पान चोरायचं प्यादं) अजिबात पटत नाही. ७ पडला तरी त्या तो वाळवंटातच परत ठेवतात, 'कुणाचं कशाला अडवायचं' म्हणून. आता काय करू?

नियमावली
पुस्तिकेप्रमाणे दरोडेखोर दुसऱ्या षटकोनावर हलवावाच लागतो. वाळवंटात परत नेता येतो, पण तो आधीपासून तिथेच असेल तर नाही. म्हणजे निम्म्या वेळा तुमच्या सासूबाई नियमातच आहेत.

उंटतिरपा
त्यांच्यापुरतं तसंच चालू द्या. चोरीचं पानही त्या घेत नसतील तर नुकसान त्यांचंच आहे, आणि त्यांना ते मान्य दिसतंय.

निवांत
आणि बघून शिकणारे गृहस्थ?

सोंगटी
जिंकले. विचारू नका.

बरं, अझूलबद्दल एक शंका राहिलीच. गुण मोजताना दोघांचे सारखे झाले तर? काल तसंच झालं आणि नवरा-सासूबाई दोघंही जिंकल्याचा दावा करताहेत.

मृण्मयी_
ज्याच्या भिंतीवर पूर्ण झालेल्या आडव्या ओळी जास्त, तो जिंकला. आडवी ओळ फक्त २ गुणांची असते म्हणून तिच्याकडे लोक दुर्लक्ष करतात. उभी ७ आणि एका रंगाच्या पाचही फरश्या १० गुणांच्या, तिकडेच सगळ्यांचं लक्ष. पण डाव संपवणारी ओळ आडवीच, आणि बरोबरी सोडवणारीही तीच.

सोंगटी
आडव्या ओळीही दोघांच्या एकेकच आहेत.

नियमावली
मग विजय दोघांनी वाटून घ्यायचा. पुस्तिकेत तसं स्पष्ट लिहिलंय.

सोंगटी
वाचून दाखवलं. दोघांनाही नामंजूर. पट मांडतेय.